थरची क्षेत्रभेट कशी आखावी: पाण्याचा माग धरून सात दिवस

पहिल्यांदा मुलांना थरच्या वाळवंटात घेऊन गेलो तेव्हा सगळं उलटं केलं. पुण्याहून जोधपूर, तिथून रातोरात जैसलमेर आणि पहिल्याच संध्याकाळी थेट सम गावच्या वाळूवर. उंट झाले, नाच झाला, फोटो झाले. परत येऊन अहवाल तपासायला घेतले, तर निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलेलं, ‘वाळवंटात सर्वत्र वाळूच्या टेकड्या असून लोकवस्ती आढळत नाही.’ ज्या ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीत, बसून याच पोरांनी बाजरीचे सोगरे आणि कढी चापली होती, ती ढाणी अहवालातून गायब! मुलांना काय बोलणार? मीच त्यांना वाळू दाखवायला नेलं होतं.

त्यानंतर दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा क्रम बदलला. वाळू शेवटी ठेवली आणि प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारायचा ठरवलं: इथं पाऊस पडला की पाणी कुठं जातं आणि कुणाच्या वाट्याला येतं? कनिष्ठ महाविद्यालयाची किंवा बी.ए.ची क्षेत्रभेट आखणाऱ्यांसाठी, किंवा चार मित्र मिळून डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्यांसाठी, हा तोच क्रम.

१. वेळ आणि मार्ग

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत जा. हवा सुसह्य असते म्हणून नाही फक्त. या दिवसांत खडिनात, म्हणजे बांध घालून पावसाचं पाणी मुरवलेल्या शेतात, गहू-हरभरा उभा असतो आणि तो पाहण्यासाठीच तर जायचं. फेब्रुवारीत जैसलमेरला मरू महोत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे दर ऐकून घरी परतावंसं वाटतं. उन्हाळ्याचा विचारही नको. १९ मे २०१६ ला फलोदीत ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मात्र थंडीला कमी लेखू नका. वाळू जितकी लवकर तापते तितकीच लवकर निवते, त्यामुळे दुपारी शर्टावर फिरणारी मुलं रात्री दात वाजवत बसतात. कानटोपी सक्तीची करा.

मार्ग असा: जोधपूर दोन दिवस, फलोदीवरून जैसलमेर, तिथं तीन मुक्काम, मग बाडमेरवरून पुन्हा जोधपूर. म्हणजे आपण एक वर्तुळ पुरं करतो आणि पुन्हा त्याच रस्त्यानं येत नाही. बस जोधपूरला ठरवा, इथून नेऊ नका. स्थानिक चालक हा अर्धा वाटाड्या असतो. कोणत्या ढाणीत ओळख आहे, कोणत्या रस्त्यावर वाळू आली आहे, हे त्याला ठाऊक असतं.

२. निघण्याआधी घरी करायचं काम

भारताचा कोरा नकाशा घ्या. त्यावर अरवली आखा, नैऋत्य-ईशान्य. मग अरबी समुद्राकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्याचा बाण काढा. मुलांच्या लक्षात येतं की बाण डोंगराला समांतरच निघून जातो. आपल्या सह्याद्रीसारखा अरवली वाऱ्याला आडवा उभा नाही. इथंच सगळ्यांचा पाय घसरतो. ‘थर हा अरवलीच्या पर्जन्यछायेत आहे’ असं बेधडक लिहिलं जातं. मोसमी वाऱ्यांच्या बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या शाखेपुरतं ते काहीसं खरं, पण ती शाखा इथवर येईतो तिच्यात फारसं पाणी उरलेलंच नसतं. अरबी शाखेला तर कुणी अडवत नाही. त्यात आणखी एक गोष्ट: पावसाळ्यात या वाळवंटावर दमट हवेचा थर असतो, पण तो पातळ. त्याच्यावर पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा झाकणासारखी बसते. ढग वाढायला जागाच मिळत नाही.

आता पावसाचे आकडे टाका. जोधपूरला वर्षाला साधारण ३५० मिलिमीटर, जैसलमेरला २०० च्या आसपास, सीमेकडे १५० किंवा त्याहून कमी. आमचा साताऱ्यातला माण तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो आणि तिथंही साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडतो. हे मुलांना सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो. पण नुसत्या पावसावर थांबू नका. जैसलमेरकडे पाणी उपलब्ध असेल तर वर्षाला दीड ते दोन हजार मिलिमीटर वाफ होऊन जाईल एवढं ऊन आणि वारा आहे. उघड्यावर ठेवलेलं पाणी तिथं टिकत नाही. जे टिकवायचं ते जमिनीखाली, हे सूत्र पुढं सगळीकडे भेटणार आहे.

लोकसंख्येचे आकडे काढताना एक सापळा आहे. २०११ च्या जनगणनेतले आकडे जुन्या जिल्ह्यांचे आहेत. फलोदी आणि बालोतरा हे जिल्हे २०२३ मधले. दोन्ही एकत्र केले की बेरीज जुळत नाही. त्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला १७ होती, शेजारच्या बाडमेरची ९२ आणि जोधपूरची १६१. सातारा जिल्हा २८७. म्हणजे जैसलमेर विरळ खरंच, पण थर रिकामा नाही. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत तो मोडतो.

आणि शेवटचं घरचं काम, जे मला फार उशिरा सुचलं. गावातल्या मारवाडी दुकानदाराकडे जाऊन बसा. आपल्याकडच्या बाजारपेठांतली बरीच घरं पाली, जालोर, सिरोहीकडची. मूळ गावी पाणी कुठून यायचं, आजोबा इकडे का आले, हे विचारा. आमच्या मुलांना त्या एका तासात जेवढं स्थलांतर कळलं तेवढं माझ्या दोन तासिकांत कळलं नव्हतं.

३. कागदपत्रं आणि साहित्य

कागद: प्राचार्यांचं सहलीचं पत्र, पालकांची संमतिपत्रं, प्रत्येकाचं आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स, रक्तगट आणि पालकांचे फोन असलेली यादी (मोबाइलमध्ये नको, कागदावर हवी). सीमेलगतच्या भागाचे नियम वेगळे असतात. तनोटच्या मंदिरापर्यंत पर्यटक जातात, पण त्यापुढं प्रत्यक्ष सीमेकडे जायचं तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. नियम बदलत राहतात, म्हणून जैसलमेरच्या जिल्हा प्रशासनाकडे आधी चौकशी करा; ‘सगळं मॅनेज होतं’ म्हणणाऱ्या एजंटाच्या भरवशावर राहू नका. लष्करी वाहनं, तळ, रडार यांचे फोटो काढायचे नाहीत. ड्रोन घरीच ठेवा.

साहित्य: होकायंत्र, भिंग, मोजपट्टी, झिपच्या पिशव्या, मार्कर, बारीक-जाड जाळीच्या दोन चाळण्या. कोनमापकाला दोरा आणि नट बांधून उतार मोजायचं यंत्र घरीच करा. पाण्याचे क्षार मोजायचा खिशातला टीडीएस मीटर तर हवाच, माझ्या मते सगळ्या सामानात हाच मोलाचा. टोपोशीट, म्हणजे उंचसखल दाखवणारे नकाशे, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात, पण सीमेलगतच्या मिळतीलच असं नाही; मग इस्रोच्या ‘भुवन’वरची उपग्रह चित्रं छापून घ्या. माणशी रोज तीन लिटर पाणी धरा.

४. जोधपूर: खडकापासून सुरुवात

मेहरानगड ज्या कातळावर उभा आहे तो ज्वालामुखीचा आहे, आपल्या बेसाल्टसारखा काळा नाही. तांबूस, सिलिकायुक्त, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. किल्ल्याच्या पायथ्याशी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा फलक आहे, तिथं सुरुवात करा. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. हा फरक मुलं विसरत नाहीत.

किल्ल्याला लागूनच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. ते पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. एके काळी हा सगळा उतार वेड्या बाभळीनं गिळला होता. तिकडे तिला विलायती बावळिया म्हणतात. २००६ पासून ती मुळासकट उपटून तिथं मूळची मरुवनस्पती परत लावली. नुसतं तोडून ती मरत नाही, म्हणून खाणकाम करणाऱ्या लोकांकडून कातळात छिद्रं घेऊन मुळं काढावी लागली. आपल्याकडच्या उजाड गायरानांवर हीच बाभूळ आहे, तेव्हा मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी खेजडली. १७३० मध्ये खेजडीची झाडं वाचवताना अमृतादेवींसह बिश्नोई समाजाची ३६३ माणसं जिथं मारली गेली, ते गाव. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करून मोकळे होतो ते झाड तिथं शेतात मुद्दाम राखलेलं असतं, कारण पाला जनावरांना, शेंगा माणसांना आणि मुळं एवढी खोल की खालच्या बाजरीच्या वाटचं पाणी ती ओढत नाहीत. १९५९ मध्ये उभी राहिलेली ‘काझरी’ ही शुष्क शेतीची संशोधन संस्थाही जोधपुरातच आहे. आधी पत्र पाठवलं असेल तर एक सकाळ तिथं जरूर घालवा.

५. ढाणी आणि टाकं

फलोदीच्या वाटेवर बस कुठंही थांबवा. गाव शोधू नका, ढाणी शोधा. एकेक कुटुंब आपापल्या शेतात, दोन-तीन गोल झोपड्या, काटेरी कुंपण आणि बाजूला जमिनीतून डोकावणारा सिमेंटचा घुमट. तो घुमट म्हणजे टाकं, पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी.

आमच्या दुसऱ्या फेरीत एक मुलगा घुमट जवळून बघायला धावत गेला आणि एका म्हातारीनं त्याला असा काही दम भरला की तो जागच्या जागी थिजला. चालकानं सांगितलं, चप्पल काढ. तेव्हा आमच्या लक्षात आलं की टाक्याभोवतीची ती गुळगुळीत, झाडून काढलेली, आत उतार असलेली जमीन ही मोकळी जागा नव्हतीच. तो आगोर. पाऊस त्यावर पडतो, वाहत मध्याकडे येतो आणि जाळी लावलेल्या भोकांतून टाक्यात उतरतो. म्हणजे तो मुलगा चपला घालून तिच्या पिण्याच्या पाण्यावर उभा होता. पावसाच्या आधी आगोर झाडायचा, तिथं जनावर फिरकू द्यायचं नाही, ही घरची शिस्त. आजी नंतर निवळल्या. त्यांनी झाकणाचं कुलूप काढलं, बादली सोडली आणि आम्हाला पाणी दिलं, वरून ओंजळीत, तांब्याला ओठ न लावता.

मीटर बुडवला. टाक्याच्या पाण्याला आकडा अगदी कमी आला, आणि थोड्या अंतरावरच्या विहिरीच्या पाण्याला चार आकडी. मुलांनी दोन्ही चाखून पाहिलं. विहिरीत पाणी असूनही ही माणसं आभाळाकडे का बघतात, हे मग सांगावं लागलं नाही.

तिथल्या लोकांनी पाण्याची केलेली वाटणीही वहीत उतरवून घ्या: पडणारं ते पालर, खोल भूजल ते पाताळ आणि या दोहोंच्या मधलं रेजाणी. हे रेजाणी पाणी काही भागांतच मिळतं. वाळूखाली जिप्समचा किंवा खडूसारख्या मातीचा थर असेल तर मुरलेला पाऊस खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूच्या कणांत ओल म्हणून अडकून राहतो. तो थर न फोडता खणलेल्या अरुंद विहिरीत, म्हणजे बेरीत, ही ओल थेंबाथेंबानं झिरपते. खणणाऱ्यानं थर फोडला तर सगळी मेहनत खारी झाली म्हणून समजा.

फलोदीजवळ खीचनला कुरजां, म्हणजे करकोचे, हिवाळ्यात हजारोंनी उतरतात आणि गावकरी त्यांना धान्य घालतात. सकाळी लवकर पोचलात तर तासभर थांबा.

६. जैसलमेर: खडीन आणि किल्ला

स्टेशनवर आणि बस थांब्यावर हॉटेलवाले अंगावर येतात. खोली आधी ठरवलेली असेल तर कुणाशी बोलू नका.

शहराबाहेर कुलधऱ्याकडे गेलात की सगळे भुताखेतांच्या गोष्टी सांगतील. गाव पालीवाल ब्राह्मणांचं, एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. जुलमी दिवाणाची कथा रंगतदार आहे; करांचा बोजा, पाणी आटणं, भूकंप अशी कारणंही दिली जातात. मुलांना त्या भिंतींत अर्ध्या तासापेक्षा जास्त रेंगाळू देऊ नका. पालीवालांनी मागं ठेवलेली खरी गोष्ट कुलधरा-खाभा पट्ट्यात अजून चालू आहे: खडीन.

खडीन समजायला उंचवट्यावर चढा. वरती उघडा, खडकाळ उतार. त्यावर पडलेलं पाणी मुरत नाही, वाहतं. खाली, सखल जागी, उताराला आडवा लांबच लांब मातीचा बांध. पाणी बांधाशी तुंबतं, सोबत गाळ आणतं, हळूहळू मुरतं. हिवाळ्याच्या तोंडावर पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पुढं एकही पाणी द्यावं लागत नाही. शेत जेवढं, त्याच्या साधारण पंधरा पट पाणलोट लागतो, म्हणून खडीन कुठंही बांधता येत नाही. हे गणित मुलांना जागेवर करायला लावा: पावलांनी बांधाची लांबी मोजायची, उपग्रह चित्रावर पाणलोटाची सीमा आखायची. जैसलमेरला २०० मिलिमीटर पावसात बागायती नसलेला गहू! पंधराव्या शतकापासून हे चाललं आहे. बांधापलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला विहीर असते, तीही पाहा. मुरलेलं पाणी तिथं परत मिळतं.

आता किल्ल्यात या. ११५६ मध्ये रावळ जैसलनं पाया घातला आणि अजून आत लोक राहतात. इथं उलटा धडा मिळतो. पूर्वी पाणी खालून, गडीसर तलावातून डोक्यावर आणावं लागे, त्यामुळे एक घागरही वाया जात नसे. नळ आले, हॉटेलं आली, सांडपाणी वाढलं आणि ते टेकडीतल्या मातीत मुरू लागलं. कोरड्या हवेसाठी बांधलेला किल्ला आतून ओला होऊ लागला आणि भिंती-बुरूज ढासळायला लागले. भिंतींवरची ओल मुलांना शोधायला लावा, सापडते.

आकलचं काष्ठ जीवाश्म उद्यान शहरापासून १७ किलोमीटरवर, बाडमेर रस्त्याला. १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं, दगड झालेली. एकही तुकडा उचलायचा नाही. बसमध्ये चढताना मी सगळ्यांचे खिसे तपासतो, त्यात संकोच नाही.

७. कालवा

मोहनगडकडे जाऊन इंदिरा गांधी कालवा पाहा. पंजाबात सतलज-बियासच्या संगमावर हरीके बंधारा आहे, तिथून निघालेलं पाणी फीडर आणि मुख्य कालवा मिळून ६४९ किलोमीटर चालत इथवर येतं. १९५८ मध्ये काम सुरू झालं. एका बाजूला सेवण गवताचा पिवळा माळ आणि दुसऱ्या बाजूला मोहरी, हे दृश्य मुलांना थक्क करतं.

थक्क झालेल्या मुलांना लगेच ‘सेम’ हा शब्द शिकवा. कालव्याच्या पट्ट्यात जिथं खाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा थर आहे तिथं पाणी मुरायला वाव नाही. भूजल वर चढतं, जमीन पाणथळ होते, मीठ वर येतं. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना ‘आपल्याकडची क्षारपड’ एवढं सांगितलं की पुरतं. कारण तेच, पाणी दिलं पण निचरा दिला नाही.

८. वाळू

आता समला किंवा खुरीला जा. शक्यतो खुरी; गर्दी कमी. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार आणि आडोशाचा उतार, दोन्ही कोनमापकानं मोजा. आडोशाचा उतार ३०-३४ अंशांच्या आसपास येतो, त्याहून चढा केलात तर वाळू घसरते. पाय टाकून बघायला सांगा. चाळणीतून माथ्यावरची आणि पायथ्याची वाळू गाळून तुलना करा. उंटाच्या फेरीचा भाव आधी, माणशी की उंटामागं, आणि किती वेळ, हे स्पष्ट ठरवून घ्या.

हा सगळा परिसर माळढोकाचाही आहे. तिकडचं नाव गोडावण. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला त्याचं नाव परिचयाचं. पवनचक्क्या, सौरप्रकल्प आणि त्यांच्या वीजतारा याच मोकळ्या माळावर आल्या, आणि जड अंगाचा हा पक्षी तारांवर आदळून मरतो. देवीच्या नावानं राखलेली ओरणं, म्हणजे आपल्या देवरायांसारखी राखीव रानं, यांच्यावरूनही गावकरी आणि प्रकल्प यांच्यात वाद आहेत. ‘पडीक जमीन’ हा शब्द अहवालात वापरायचा की नाही, यावर त्या रात्री शेकोटीभोवती मुलांना भांडू द्या.

९. बाडमेरमार्गे परत

बाडमेरजवळच्या कवासला थांबायला विसरू नका. ऑगस्ट २००६ मध्ये इथं तीन दिवसांत वर्षभराच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट पाऊस पडला आणि गाव पाण्याखाली गेलं. वाळवंट आहे, मुरेल, असं कुणालाही वाटेल. पण खाली जिप्समचा थर. पाणी महिनोन्‌महिने हललं नाही. बेरीत गोड पाणी धरून ठेवणारा थर तो हाच, हे एखाद्या मुलानं आपण सांगण्याआधी ओळखलं तर त्या दिवशीचा चहा माझ्याकडून असतो. तिसऱ्या फेरीत दोघींना पाजावा लागला.

परतीत बालोतऱ्याला लूणी ओलांडता. अजमेरकडे उगम पावणारी ही नदी इथवर गोडी आणि पुढं खारी होत कच्छच्या रणात विरते. पात्र बहुधा कोरडंच असेल. तरी उतरा, पात्रातल्या मातीचा नमुना घ्या.

१०. पिशव्या आणि अहवाल

नमुन्यांच्या पिशव्यांवर ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी सगळी वाळू सारखीच दिसते. अहवाल गावांच्या क्रमानं लिहू देऊ नका. पाण्याच्या प्रकारानं लिहायला लावा: पालर, रेजाणी, पाताळ आणि कालव्याचं. टीडीएसचे आकडे एका तक्त्यात.

जोधपूरच्या बाजारातून केर-सांगरी घेणार असाल तर वाळवलेली घ्या आणि भाव दोन-तीन दुकानांत विचारा, महाग असते. सांगरी म्हणजे त्या खेजडीच्याच शेंगा, केर म्हणजे तिकडच्या एका काटेरी झुडपाची फळं. घरी रात्रभर ताकात भिजत घाला, दोन-तीनदा धुवा, मगच शिजवा. नाहीतर केर कडू लागतो आणि घरचे पुन्हा आणू देत नाहीत. थोडी गावातल्या त्या मारवाडी दुकानदारासाठी वेगळी बांधून आणा.